तुमचा पीसी कुठल्या प्रोजेक्टला द्यायचा, आणि त्याने खरंच काही फरक पडतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डवाला (म्हणजे जीपीयूवाला) पीसी आहे, १६ जीबी रॅम, संध्याकाळी सहा-सात तास चालू असतो. बोइंक आणि फोल्डिंग ॲट होम (आपल्या पीसीची मोकळी ताकद इंटरनेटवरून संशोधकांच्या प्रोजेक्टना देणारे प्रोग्राम) दोन्ही टाकून बघितलं, पण प्रोजेक्टची यादी बघून काही ठरेना. कॅन्सरचं काम घ्यावं, की अवकाशाचं, की गणिताचं? लाखो लोक यात असताना एकट्याच्या निवडीने विज्ञानाला काय फरक पडणार? आणि कोविडच्या वेळी सगळे एकाच बाजूला धावले तेव्हा बाकीच्या कामाचं काय झालं?

मी सेटी ॲट होमच्या (परग्रहावरच्यांचे रेडिओ सिग्नल शोधणारा प्रकल्प) दिवसांपासून हे करतोय, घरच्या मशीनवर आणि मध्ये बरीच वर्षं एका कॉलेजच्या लॅबमध्ये (लेखी परवानगी घेऊन, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या मशीनवर असलं काही टाकू नका). त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

फरक पडतो. पण विषय किती मोठा, किती उदात्त यावरून तो फारसा ठरत नाही. कुठलं काम माणसांअभावी अडून बसलंय, ते तुमच्या मशीनला झेपतं का, आणि घेतलेलं काम तुम्ही वेळेत परत देता का, यावर सगळं अवलंबून असतं. लोक साधारण उलट विचार करतात, की एकूण ताकद वाढली म्हणजे विज्ञान तितकं पुढे गेलं. तसं होत नाही, कारण बहुतेक प्रोजेक्टमध्ये कामाचे टप्पे असतात आणि प्रोजेक्ट पुढे सरकतो तो सगळ्यात मागे पडलेल्या टप्प्याच्या वेगाने.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे जिम्प्स. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेला प्रकल्प, मर्सेन मूळ संख्या शोधायच्या, म्हणजे २ चा कुठलातरी घात वजा १ अशा रूपातल्या. इथे कामाचा प्रकार तुम्ही स्वतः निवडता. एक ट्रायल फॅक्टरिंग, म्हणजे छोटा भाजक सापडतोय का बघायचं, सापडला तर तो घातांक यादीतून कायमचा बाद. दुसरं पी मायनस वन, हेतू तोच पण रीत वेगळी. मग येते पहिली टेस्ट, जी आठवडेच्या आठवडे चालू शकते, आणि शेवटी डबल चेक, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी केलेली टेस्ट आपण पुन्हा करायची आणि दोन्ही निकाल जुळतात का बघायचं. नवी मूळ संख्या सापडली तर नाव लागतं पहिल्या टेस्टवाल्याचं. डबल चेकवाल्याच्या हाती काही लागायचं तर आधीच्याचा निकाल चुकलेला असायला हवा, आणि नेमकी तीच संख्या मूळ निघायला हवी, म्हणजे जवळपास अशक्यच. साहजिकच वर्षानुवर्षं गर्दी पहिल्या टेस्टकडे. पंगतीत जिलबी वाढायला दहा जण पुढे आणि पाण्याचा जग घेऊन फिरायला कोणी नाही, तशी गत.

परिणाम काय झाला बघा. जानेवारी २०१३ मध्ये २ चा ५,७८,८५,१६१ वा घात वजा १ ही मूळ संख्या सापडली. पण ती क्रमाने ४८ वी आहे असं ठामपणे सांगता आलं २०२१ मध्ये! मधली आठ वर्षं तिच्या खालचे सगळे घातांक दुसऱ्यांदा तपासून होत नव्हते. घरगुती मशीनवर रॅमचा एखादा बिट पलटतो, कोणी मशीन ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगावर, ठेवलेलं असतं, थोडेफार निकाल चुकीचे निघणारच, त्यामुळे डबल चेकशिवाय काही खात्रीने म्हणता येत नाही. म्हणजे पुढच्या आघाडीवर हजारो मशीन्स धावतायत आणि 'इथपर्यंत सगळं पक्कं' ही रेघ मात्र मागेच रेंगाळतेय.

आणि यावरचा उपाय कसा आला तेही बघण्यासारखं आहे. डबल चेक करा हो, अशी विनवणी करून फार काही झालं नाही, मग कामाची रचनाच बदलली. आधी टेस्टची पद्धत बदलून तिच्यात चालता चालताच चूक पकडणारी गर्बिझची तपासणी घातली, मग २०२० मध्ये असं केलं की टेस्ट संपताना मशीन एक पुराव्याची फाइल तयार करतं, ती सर्व्हरवर जाते आणि दुसऱ्या कोणाच्या मशीनवर मूळ टेस्टच्या तुलनेत अगदी किरकोळ वेळात तिची पडताळणी होते. अख्खी टेस्ट पुन्हा करायची गरजच संपली. आता डबल चेक उरलेत ते जुन्या पद्धतीच्या टेस्टचे. स्वयंसेवकांच्या आवडीनिवडीमुळे एखाद्या प्रकल्पाला आपलं गणितच बदलावं लागलं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

इथेच तुमच्या कार्डाचा मुद्दा येतो. जिम्प्सच्या मुख्य टेस्टला डबल प्रिसिजनची, म्हणजे जास्त अंकांपर्यंत अचूक दशांश गणिताची, ताकद लागते, आणि आरटीएक्स ३०६० वर डबल प्रिसिजनचा वेग सिंगलच्या ६४ व्या भागाइतकाच असतो. गेमिंग कार्ड आहे, गेमला त्याची गरज नसते म्हणून कंपनी देत नाही. डेटासेंटरमधल्या ए१०० वर हेच प्रमाण निम्मं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी ५२ वी ज्ञात मर्सेन मूळ संख्या शोधली, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, तब्बल ४,१०,२४,३२० अंकी, ती डब्लिनमधल्या अशाच एका ए१०० वर, आणि त्यामागे वेगवेगळ्या देशांतल्या क्लाउडवर भाड्याने घेतलेली जीपीयूंची फौज होती. तुम्ही ३०६० वर तीच टेस्ट लावून बसलात तर वीज जाळून फार थोडं काम होईल. पण ट्रायल फॅक्टरिंग हे पूर्णांकांचं गणित आहे, त्यात हेच कार्ड घोड्यासारखं पळतं. एकच प्रकल्प, एकच कार्ड, नुसता कामाचा प्रकार बदलला की उपयोग कितीतरी पट. त्यातही एक मर्यादा आहे बरं का, ठराविक खोलीच्या पुढे भाजक शोधत बसण्यापेक्षा सरळ टेस्ट करणं स्वस्त पडतं, त्यामुळे सर्व्हर जितकी खोली सांगतो तितकीच करायची, आपल्याला मजा येतेय म्हणून पुढे खणत बसायचं नाही.

आता फोल्डिंग ॲट होम, म्हणजे प्रथिनांचे अणू कसे हलतात त्याचं कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन. २००० मध्ये स्टॅनफर्डला विजय पांडे यांनी सुरू केलं, नंतर ग्रेग बोमन यांच्याकडे आलं. तुम्ही क्लायंट टाकलाच आहे तर लॉग उघडून बघा, प्रत्येक टास्कला चार आकडे दिसतील: प्रोजेक्ट, रन, क्लोन, जेन. या चार आकड्यांत सगळी गोष्ट आहे. रन म्हणजे प्रथिनाची सुरुवातीची एखादी रचना. क्लोन म्हणजे तीच रचना, पण अणूंना सुरुवातीचे वेग वेगळे दिलेले. आणि जेन म्हणजे त्या मार्गावरचा कितवा तुकडा. रन आणि क्लोन हवे तितके एकाच वेळी हजारो मशीनवर वाटता येतात. जेनचं तसं नाही, जेन ४१ परत आल्याशिवाय जेन ४२ तयारच होऊ शकत नाही, कारण ४१ जिथे थांबला त्याच अणूंच्या जागा आणि वेग घेऊन ४२ सुरू होतो. म्हणजे तुम्ही टास्क घेतला, अर्धा केला, मशीन बंद केलं आणि चार दिवस गावाला गेलात, तर तो मार्ग तिथेच गोठला. मुदत उलटेपर्यंत सर्व्हर तुमची वाट बघणार, मग तोच तुकडा दुसऱ्याला देणार, आणि तुमचं अर्धं काम वाया.

म्हणूनच तिथे पॉइंट नुसते कामाचे मिळत नाहीत, लवकर परत दिल्याचा बोनस असतो, आणि तो वर्गमुळाने चालतो. तोच टास्क एक चतुर्थांश वेळात परत दिला तर पॉइंट दुप्पट. बोनससाठी पासकी (काम तुमच्याच नावावर लागावं म्हणून मिळणारा कोड) घ्यावी लागते, त्या पासकीवर आधी १० टास्क पूर्ण व्हावे लागतात आणि यशाचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर ठेवावं लागतं. नवीन लोक याला पॉइंटचा खेळ समजून सोडून देतात. मला वाटतं आख्ख्या या क्षेत्रातली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट ही आहे, कारण संशोधनाला जे हवंय, म्हणजे साखळी तुटू न देणं, त्यालाच बक्षीस ठेवलंय.

आणि तिथे आजाराची निवड करायची सोय आहे ना, कॅन्सर, अल्झायमर, पार्किन्सन वगैरे, ती फक्त तुमची पसंती असते. त्या विषयाचं काम उपलब्ध असेल तर सर्व्हर ते देतो, नसेल तर दुसरं काहीतरी देतो. कुठल्या प्रोजेक्टला किती वजन हे आतून संशोधकच ठरवतात. माझं मत असं की तिथे 'कुठलाही आजार' ठेवावं. तुमच्या घरात कोणाला कॅन्सर झालाय आणि त्यासाठीच तुम्हाला करायचंय तर जरूर तोच निवडा, त्या भावनेला मी कमी लेखणार नाही, उलट असे लोक वर्षानुवर्षं टिकतात असा माझा अनुभव आहे. पण तसं काही नसेल तर सर्व्हरला ठरवू द्या, कुठली साखळी अडलीय ते त्याला दिसतं, आपल्याला दिसत नाही.

आता मार्च २०२०. त्याआधी फोल्डिंगवर साधारण ३०,००० सक्रिय स्वयंसेवक होते. काही आठवड्यांत लाखो आले. मार्चच्या अखेरीस एकूण वेग एक एक्साफ्लॉपच्या (सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं) पुढे गेला, तेव्हाच्या सगळ्यात वेगवान सुपरकॉम्प्युटरच्या, समिटच्या, कितीतरी पट. आणि त्याच दिवसांत काय चाललं होतं? लोकांची मशीन्स रिकामी बसली होती! क्लायंट काम मागतोय आणि सर्व्हरकडे द्यायला काम नाही. टास्क तयार करणारी माणसं मोजकी, परत येणारा डेटा ठेवायला जागा अपुरी, सर्व्हरची बँडविड्थ तुंबलेली. मोठ्या कंपन्यांनी सर्व्हर आणि स्टोरेज दिलं, टीमने रात्रंदिवस एक केला, तेव्हा गाडी रुळावर आली. माझ्या ओळखीतले किती तरी जण त्या आठवड्यात जोमाने आले आणि 'काम मिळत नाही' म्हणून चिडून निघून गेले, ते परत आले नाहीत. गर्दी हवी तेव्हा नव्हती आणि आली तेव्हा एका दमात आली.

ते वाया गेलं असं मात्र अजिबात म्हणणार नाही. त्या लाटेतून विषाणूच्या प्रथिनांचं मिळून एकूण ०.१ सेकंदाचं सिम्युलेशन झालं. ऐकायला काहीच वाटत नाही, पण या क्षेत्रात एक मायक्रोसेकंद करायलाही जीपीयूला घाम फुटतो, ०.१ सेकंद म्हणजे तसले एक लाख मायक्रोसेकंद. स्पाइक प्रथिन कसं उघडतं, आणि औषधाला पकड घेता येईल असे लपलेले खळगे प्रथिनांत कुठे कुठे तयार होतात ते त्यातून दिसलं, २०२१ मध्ये प्रसिद्धही झालं. कोविड मूनशॉट नावाच्या खुल्या औषधशोधात कुठला रेणू आधी बनवून बघायचा हे ठरवायलाही हेच गणित वापरलं. आणि मुख्य म्हणजे त्या वेळी आजाराची निवड 'कुठलाही' ठेवलेल्यांनाही कोविडचंच काम अग्रक्रमाने जात होतं. म्हणजे निवड स्वयंसेवकांची नव्हतीच म्हणा ना, निवड केली संशोधकांनी आणि स्वयंसेवकांनी ताकद दिली.

बाकीच्या कामाचं काय झालं? योगायोग असा की ३१ मार्च २०२० लाच सेटी ॲट होमने नवीन टास्क देणं थांबवलं. १७ मे १९९९ ला सुरू झालेला प्रकल्प, ज्याच्यामुळे निम्म्या जगाला हा प्रकार कळला. त्याची लाडकी मंडळी एकदम मोकळी झाली आणि आइनस्टाइन ॲट होम, रोझेटा ॲट होम, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड अशी विखुरली. त्यामुळे कोविडने बाकीच्यांना कोरडं पाडलं असं सरसकट झालं नाही.

पण सेटी थांबलं त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. स्वयंसेवक कमी पडले म्हणून ते थांबलं नाही. स्वयंसेवक तर भरपूर होते, २० वर्षं त्यांनी अरेसिबो दुर्बिणीचा डेटा दळला आणि अब्जावधी संभाव्य सिग्नल काढून ठेवले. अडलं होतं पुढचं पाऊल, म्हणजे त्या ढिगातून पृथ्वीवरचाच रेडिओ गोंगाट गाळून बाहेर काढायचा आणि खरोखर बघण्यासारखं काय उरतं ते शोधायचं. हे काम घरच्या पीसीवर वाटण्यासारखं नव्हतंच, सगळा डेटा एकत्र लागतो. त्यासाठी नेब्युला नावाची प्रणाली लिहिली आणि ती जर्मनीत हॅनोव्हरच्या ॲटलस क्लस्टरवर चालवली. म्हणजे आम्ही सगळे पहिल्याच टप्प्यावर आणखी आणखी ताकद ओतत होतो आणि दुसऱ्या टप्प्याला माणसं दोन-चार. शेवटची काही वर्षं ती ताकद दुसरीकडे वळली असती तर जास्त उपयोग झाला असता असं मला आज वाटतं, आणि सेटीवर माझा अतोनात जीव होता हे धरून म्हणतोय.

बोइंकची रचना फोल्डिंगच्या बरोबर उलट आहे. इथे वरून कोणी वाटप करत नाही, प्रोजेक्ट कुठले आणि कोणाला किती वाटा हे सर्वस्वी तुमच्या हातात. बोइंक सुरू करणाऱ्या डेव्हिड अँडरसन यांची मूळ कल्पना सुंदर होती, प्रोजेक्ट आपापलं विज्ञान लोकांना समजावून सांगतील, लोक वाचतील, तुलना करतील, चांगल्या कामाकडे वळतील आणि सतत नवे प्रोजेक्ट येत राहतील. प्रत्यक्षात तसं झालं नाही हे त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं, प्रोजेक्टची यादी जवळपास तीच राहिली आणि स्वयंसेवक हळूहळू कमी होत गेले. बहुतेक माणसं एक प्रोजेक्ट जोडतात आणि नंतर त्या पानावर फिरकतही नाहीत. मी लॅबमध्ये मुलांना जोडून द्यायचो तेव्हा हेच बघितलं, ज्याने जे पहिल्या दिवशी घेतलं तेच शेवटपर्यंत. म्हणून अँडरसन यांनी नंतर सायन्स युनायटेड काढलं. तिथे प्रोजेक्ट निवडायचाच नाही, विषय सांगायचे, वैद्यकीय हवं, खगोल चालेल, अमुक नको, आणि कुठल्या प्रोजेक्टला मशीन लावायचं ते मागून ठरतं. ज्याला यादी वाचायचा कंटाळा आहे त्याने डोळे झाकून हे घ्यावं.

निवडीला वाकडं वळण लागतं ते क्रेडिटमुळे, म्हणजे कामाबद्दल मिळणाऱ्या गुणांमुळे. बोइंकचं क्रेडिट कागदावर कामाशी बांधलेलं आहे, एक गिगाफ्लॉपचं (सेकंदाला शंभर कोटी गणितं करणारं) मशीन दिवसभर चाललं की २०० क्रेडिट. पण द्यायचं प्रत्येक प्रोजेक्टने आपापल्या हाताने. काही प्रोजेक्ट जीपीयूला सढळ हाताने द्यायचे, कोलाट्झ कंजेक्चर त्यात प्रसिद्ध होता, आणि क्रमवारीत वर जायचं असेल तर लोक तिकडे वळायचे, तिथलं विज्ञान कोणी विचारत नसे. उलट मूळ संख्या शोधणाऱ्या प्राइमग्रिडने तेच हत्यार चांगल्या कामाला लावलं. लांबलचक टास्क लोक टाळतात, म्हणून त्यांना जादा क्रेडिट दिलं. क्लायमेटप्रेडिक्शनचंही असंच. ऑक्सफर्डचा हवामानाचा प्रकल्प, तिथले टास्क एके काळी महिनोन्महिने चालायचे आणि लोक मध्येच सोडून द्यायचे, म्हणून टास्क चालू असतानाच मधे मधे अहवाल पाठवून त्याचं क्रेडिट देण्याची सोय केली. त्या चिकाटीवरच २००५ चा त्यांचा तो निकाल उभा आहे, की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर मॉडेलनुसार तापमानवाढ २ अंशांपेक्षा कमी ते ११ अंशांच्या वर अशी केवढ्या मोठ्या पट्ट्यात कुठेही येऊ शकते. हजारो वेळा मॉडेल थोडं थोडं बदलून चालवल्याशिवाय हे कळलंच नसतं.

ग्रिडकॉइन हा तिसरा प्रकार, बोइंकचं काम केल्याबद्दल मिळणारं क्रिप्टो चलन आहे. त्यात मान्य यादीतल्या प्रत्येक प्रोजेक्टला बक्षिसाचा सारखा वाटा असतो, त्यामुळे जिथे गर्दी कमी तिथे माणशी जास्त मिळतं आणि पैशासाठी आलेले लोक आपोआप ओसाड प्रोजेक्टकडे जातात. मी स्वतः करत नाही, पण युक्ती चांगली आहे हे मान्य.

दर मे महिन्यात सेटी डॉट जर्मनी ही टीम बोइंक पेंटॅथलॉन भरवते, पाच प्रकार, स्प्रिंट ३ दिवसांची, मॅरेथॉन १४ दिवसांची. मजा असते, जुने लोक जागे होतात. पण त्यात बंकरिंग चालतं, म्हणजे स्पर्धेच्या आधी काम करून ठेवायचं, रिपोर्ट मात्र करायचं नाही, आणि शिट्टी वाजली की सगळं एकदम सर्व्हरवर ओतायचं. डेटाबेस गुदमरतो ते एक, पण त्याहून वाईट म्हणजे विंगमनची वाट.

विंगमन काय ते सांगतो, कारण नवीन माणसाला हेच माहीत नसतं. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये एकच टास्क दोन अनोळखी मशीनवर जातो आणि दोघांचे निकाल जुळले तरच ग्राह्य धरतात. २०१० मध्ये आइनस्टाइन ॲट होमने अरेसिबोच्या डेटात आपला पहिला पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ लहरी सोडणारा फिरता तारा) शोधला, सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा. त्याचं श्रेय अमेरिकेतल्या आयोवामधलं एक जोडपं आणि जर्मनीतल्या माइन्झचा एक जण अशा दोन ठिकाणी गेलं ते याचमुळे, तोच टास्क दोघांकडे गेला होता. आता समजा त्यातल्या एकाने १० दिवसांच्या टास्कचा साठा आधीच उतरवून भरून ठेवलाय आणि त्याचं मशीन महिनाभर बंद आहे. तुमचा निकाल तयार, पण 'व्हॅलिडेशन पेंडिंग' मध्ये लटकलेला. मुदत संपणार, तिसऱ्या मशीनला प्रत जाणार, तो कधी करेल तेव्हा करेल. आणि संशोधकाला निकाल सुटे सुटे नको असतात, पूर्ण बॅच हवी असते. बॅचचे ९९ टक्के टास्क भराभर होतात, उरलेला एक टक्का अशा झोपलेल्या मशीनवर अडकून आठवडेच्या आठवडे खातो. तुमच्या एकट्याच्या निवडीने फरक पडतो का विचारलंत ना, तर इथे अगदी एका माणसाने पडतो. १० प्रोजेक्ट जोडून प्रत्येकाचा साठा भरून ठेवणारा माणूस दिसायला दहांना मदत करतो, प्रत्यक्षात दहांना खोळंबून ठेवतो.

आता तुमच्या मशीनबद्दल.

जीपीयू फोल्डिंगला द्या, आजार 'कुठलाही', पासकी पहिल्याच दिवशी घ्या. तुमचं मशीन सहा-सात तासच चालू असतं म्हणून पॉज करून बंद करायची सवय लावू नका. क्लायंटमध्ये फिनिश असतं, ते दाबलं की हातातला टास्क संपवून तो थांबतो आणि नवीन घेत नाही. मशीन बंद करायच्या किती वेळ आधी ते दाबायचं हा अंदाज तीन-चार दिवसांत येतो. रोज इतकं लक्ष देणं जमणार नसेल तर मग फोल्डिंग नको, ज्या प्रोजेक्टची मुदत दोन आठवड्यांची असते असं काहीतरी बोइंकमधून घ्या, आइनस्टाइनचा जीपीयू टास्क चालेल. गणित आवडत असेल तर वर सांगितलं तसं जिम्प्सचं ट्रायल फॅक्टरिंग.

सीपीयूला आइनस्टाइन ॲट होम सुचवेन. लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या डेटात फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडून सतत येणाऱ्या गुरुत्वीय लहरी ते २००५ पासून शोधतायत. तशी लहर अजून एकही सापडलेली नाही, आणि म्हणूनच तिथे टिकणारी माणसं हवीत. दर वेळी 'यापेक्षा मोठी लहर असती तर दिसली असती' अशी मर्यादा खाली सरकते, तोही निकालच असतो. त्यात हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची अंतिम मंजुरी मिळालीय, पुण्याच्या आयुकाची माणसं या क्षेत्रात कितीतरी वर्षं काम करतायत, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. सोबत एक वैद्यकीय प्रोजेक्ट जोडा आणि त्याचा रिसोर्स शेअर (मशीनच्या वेळातला वाटा) शून्य ठेवा. शून्य म्हणजे बंद नव्हे, मुख्य प्रोजेक्टकडे काम नसेल तेव्हाच तिथून घेतलं जातं. सर्व्हर बंद पडणं या जगात नेहमीचं आहे, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड आयबीएमकडून टोरंटोच्या क्रेम्बिल संस्थेकडे गेलं तेव्हा स्थलांतर किती लांबलं ते सगळ्यांनी बघितलंय, अशा वेळी मशीन रिकामं राहत नाही.

साठ्याची सेटिंग मुळात ०.१ दिवस आणि वर जादा ०.५ दिवस अशी असते. ती तशीच ठेवा, वाढवू नका. सगळे कोअर लावू नका, एक-दोन मोकळे सोडा म्हणजे जीपीयूला भरवायला सीपीयू उरतो. ३०६० ची मर्यादा १७० वॅटची आहे, ती ७०-७५ टक्क्यांवर आणली तरी वेग फार थोडा कमी होतो आणि उन्हाळ्यात खोली भट्टी होत नाही. सगळा पीसी धरून रोज दोनेक युनिट, महिन्याला साठ धरून चाला. घरचा वापर आधीच ३०० च्या आसपास असेल तर हे वरचे युनिट महावितरणच्या महागड्या स्लॅबमध्ये पडतील, मग पावसाळा-हिवाळ्यात चालवा आणि एप्रिल-मेमध्ये बंद ठेवा. चार महिने नियमित देणारा माणूस प्रोजेक्टला परवडतो, बिल बघून दचकून मध्येच टास्क टाकून जाणारा परवडत नाही.

आणि प्रोजेक्ट बदलावासा वाटला तर सरळ काढून टाकू नका. आधी 'नो न्यू टास्क' करा, हातातले संपू द्या, रिपोर्ट झालेले दिसले की मग काढा. पहिले दोन-तीन आठवडे वेबसाइटवर स्वतःच्या टास्कची यादी बघत राहा, इनव्हॅलिड किंवा एरर दिसायला लागले तर सगळ्यात आधी कार्डाचा आणि रॅमचा ओव्हरक्लॉक काढा, गेममध्ये जो ओव्हरक्लॉक बिनबोभाट चालतो तो इथे चालेलच असं नाही.